गायरान, सुबाभूळ आणि कोंडवाड्याची पावती

आमच्या फुलंब्रीच्या रस्त्यानं हल्ली मक्याचे ट्रॅक्टर चालले की नात मला सांगते, "आज्जे, हा मका खायला नाय, गाडीत घालायला चाललाय." म्हणजे पेट्रोलात मिसळायचं काहीतरी त्याचं करतात. तिला वाटतं, म्हातारी नवलानं तोंडावर हात ठेवील. मी कशाला ठेवते! जमिनीनं आधी माणसाचं पोट भरायचं, जनावराचं भरायचं, की चुलीचं, हे भांडण मी आमच्या गायरानात भर जवानीत बघितलंय. त्यात आमच्या घराचा हात होता, म्हणून ते विसरतही नाही.

मला लहानपणापासून प्रश्न विचारायची खोड. सातवीपर्यंत शिकले, मग लग्न करून दिलं. सासर धनगराचं, घरी साठ-सत्तर मेंढरं. नवरा मात्र मेंढरांमागं नव्हता. तेव्हा चिकलठाण्याला एकामागं एक कंपन्या उभ्या राहत होत्या, तिथं तो मशीनवर लागला होता. पहाटे डबा घेऊन जायचा, दिवे लागले की यायचा. त्यामुळं मेंढरांचा सगळा कारभार सासूकडं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. उंच, काटक बाई. बोलणं थोडं, पण एकदा तोंडातून शब्द गेला की गेला.

आत्याबाईंचा सगळा ताठा एका गोष्टीवर होता. मेंढरं बसवणं हा आमचा जुना दस्तूर. पीक निघालं की शेतकरी आमच्या दारात येऊन सांगतो, "माझ्या रानात मेंढरं बसवा." मग कळप त्याच्या रानात मुक्कामाला जातो, लेंड्यांनी रान खतावतं, आणि बदल्यात आम्हाला ज्वारी मिळते. जितके दिवस मुक्काम, तितके दिवस भाकरीही मालकाच्या घरची. मालकानं बोलावल्याशिवाय धनगर कुणाच्या रानात मेंढरू घालत नाही. ह्यांची जनावरं उभ्या पिकात शिरतात असं एकदा नाव झालं की दारात कोणी येत नाही. "माझं मेंढरू न बोलावता कुणाच्या बांधावर चढलं नाय," असं आत्याबाई वर्षातून दहा वेळा म्हणायच्या. दहाही वेळा मी मान डोलवायचे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी देव्हारा आवरताना भंडाऱ्याच्या डबीखाली फडक्यात बांधलेला एक कागद सापडला. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "कोंडवाड्याची पावती हाय, दंड भरल्याची. त्या तिकडच्या बाईनं माझी मेंढरं रस्त्यावरून हाकलत नेली अन् कोंडली. बिनकसूर. जपून ठेवलंय, विसरू नये म्हणून." राग विसरू नये म्हणून कागद जपणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

तिकडची बाई म्हणजे बौद्धवाड्यातली, आत्याबाईंच्याच वयाची एक बाई. पुढं मी तिला मावशी म्हणायला लागले. नवरा वारलेला, मुलगा शहरात. स्वतःची जमीन नाही म्हणून तिनं गायरानातला दोन एकर माळ खणून-वेचून वहितीला आणला होता आणि त्यात ज्वारी घेत होती. कागद तिच्या नावाचा नव्हता, घाम तिचा होता. विद्यापीठाच्या नावावरून पहिल्यांदा पेटलं, कुठं कुठं वस्त्या जाळल्या, त्या वर्षी आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण तोंडं फिरली. पिठाची गिरणी त्या वाड्याला बंद झाली, विहिरीवर बोलणं बंद झालं. त्याच हंगामातली ती पावती.

मी ती वाचली. "गायरानातील उभ्या ज्वारीचे पिकात मेंढरे नग एकवीस," असं लिहिलं होतं आणि खाली मावशीचं नाव. मी विचारलं, "आत्याबाई, रस्त्यावरून नेली म्हणता, मग ह्यात पीक कसं काय?" त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, फडक्यात बांधला, आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी पण मग तो विषय सोडला. नव्या नवरीला इतकंच परवडतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी झाडांचं खातं गावात आलं. आम्ही तसंच म्हणायचो, झाडांचं खातं. एक तरुण साहेब सायकलीवर यायचा, खांद्याला पिशवी, पिशवीत नकाशे. त्यानं विहिरीशेजारी रोपवाटिका घातली आणि बायकांना माती भरायला लावलं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत माती, शेणखत, आणि मधोमध सुबाभळीचं बी. मी जात होते, मावशीपण येत होती. ओळीत बसलं की कोण कुठल्या वाड्यातली हे हात विचारत नाहीत. तिथंच आमची ओळख झाली. मावशी पिशवी इतकी नीट भरायची की साहेब तिची पिशवी उचलून बाकीच्यांना दाखवायचा.

मी साहेबाला विचारलं, ही झाडं कशाला? तो म्हणाला, जळणाला. देशात सरपणाचा तुटवडा आहे, तर वरून टारगेट आलंय, प्रत्येक गावानं इतक्या एकरात जळणाचं रान उभं करायचं. मला हसू आलं. जळण ही काय पेरायची वस्तू आहे? आम्ही ते वेचायचो. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, बाभळीच्या काटक्या. पिकाच्या पाठीमागून जे उरायचं ते चुलीत जायचं. त्याच्यासाठी वेगळी जमीन लागते हे मी प्रथमच ऐकत होते. "मग साहेब, ती जमीन आणायची कुठून?" असं विचारलं, तर तो नकाशा उलगडून म्हणाला, "गायरान रिकामंच पडलंय की."

रिकामं! साहेबाच्या नकाशात गायरान म्हणजे एक कोरा तुकडा होता. आमची मेंढरं त्यात दिसत नव्हती, मावशीची ज्वारी तर नाहीच नाही.

वैशाखात मावशी शहरात गेली. विद्यापीठाच्या नावासाठी तिकडं सत्याग्रह चालू होता, बाया रांगेनं अटक करून घेत होत्या, त्यात तीपण गेली. जाताना मला म्हणाली, "लेक अडाणी मायची असली तरी नाव तिच्या बापाचंच लागतं का नाय शाळेत? तसंच ह्या विद्यापीठाचं हाय. आमच्या बापाचं नाव लागाया पाहिजे." पंधरा दिवस जेलात राहीन म्हणाली आणि ओच्यात भाकरी बांधून चालू लागली.

त्याच पंधरवड्यात साहेबाला जमीन ठरवायची होती. गायरानाची वीतन्‌वीत कुणाला ठाऊक? मेंढरं राखणारीला. तो आमच्या दारात आला. गावच्या पाटलांनीच त्याला पाठवलं होतं. म्हणाला, "बाई, टारगेट पुरं व्हायला अजून दोन एकर कमी पडू राहिले. रिकामी जागा दाखवा. ह्या झाडाचा पाला मेंढरं लई आवडीनं खातात, दुसऱ्या वर्षीपासून तुम्हाला छाटून नेता येईल." आत्याबाई उठल्या, काठी घेतली आणि त्याच्यापुढं चालू लागल्या. मी मागून गेले. त्या थेट मावशीच्या तुकड्यावर जाऊन थांबल्या. वैशाखात कुठल्या रानात पीक असतं? नुसती ढेकळं होती. "हे काय, गायरान. इथं कोण पेरतंय?" असं म्हणून त्यांनी काठीनं चारी कोपरे दाखवले. साहेबानं नकाशावर पेन्सिल फिरवली.

मी काय केलं? काही नाही. जगाला प्रश्न विचारत सुटणारी मी, त्या दिवशी एक वाक्य बोलले नाही. साहेब, इथं ज्वारी असते, एवढंच बोलायचं होतं. आजही त्याची लाज वाटते, ती मी लपवत नाही.

मावशी परतली तेव्हा तिच्या निम्म्या रानात खड्डे पडले होते. गडी पलीकडच्या निम्म्याकडं वळलेच होते. ती भांडली नाही, ओरडली नाही. पुढच्या खड्ड्याची खूण जिथं केली होती तिथं जाऊन बसली आणि कुदळवाल्याला म्हणाली, "खण. आता मी जेल बघून आले, खड्डा काय मोठा नाय." गडी तिच्याच वाड्यातले. त्यांनी कुदळी खाली ठेवल्या. चार दिवस ती तिथं बसून होती. शेवटी साहेबानं उरलेला एकर दुसऱ्या गावातून भरून काढला. पण खणलेल्या निम्म्यात झाडं लागली ती लागलीच, आणि भोवती काटेरी तार आली. लावलेली रोपं बहुतेक तिनंच भरलेल्या पिशव्यांतली होती. जागा कुणी दाखवली हे तिला कुणी सांगितलं नाही, पण गावात गोष्ट लपते कुठं!

सुबाभूळ मात्र वाढली म्हणजे काय वाढली. दुसऱ्या पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर गेली. बाकीच्या गायरानातही तीच होती, त्यामुळं गवताला जागा उरली नाही. मेंढरांना चारायचं काय? साहेबानं शब्द पाळला, पाला छाटून न्यायची मुभा दिली. आत्याबाई खूश. रोज भारेच्या भारे येऊ लागले. मेंढरं हपापल्यासारखी खायची.

कातरणीला महिना होता. एका सकाळी मी मेंढीला बाजूला सारायला पाठीवर हात ठेवला, तर लोकर मुठीत आली. ओढली नव्हती, नुसती हातात आली, खालची कातडी गुलाबी, उघडी. दुसरीला हात लावला, तिचंही तेच. आठ दिवसांत निम्मा कळप ठिकठिकाणी बोडका झाला. लोकर पायदळी, तारेवर, बोरीच्या काट्यांवर. त्या लोकरीची घोंगडी व्हायची, त्यावर आमचं वर्ष निघायचं. आत्याबाई मेंढरांच्या वाड्यात खाली बसल्या. त्यांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं.

मग म्हणाल्या, "तिनंच केलं. त्या बाईनं करणी केली."

मला ते पटेना. करणी करायची तर निम्म्याच मेंढरांवर कशाला? शिवाय पिणाऱ्या कोकरांच्या अंगावरचा एक केस हलला नव्हता. मी आत्याबाईंना म्हणाले, मला चार मेंढ्या द्या, पंधरा दिवस. दोघींना रोजचा सुबाभळीचा पाला, दोघींना नदीकाठचं गवत अन् बाभळीच्या शेंगा, बाकी दावं एक, पाणी एक. नवरा हसला, "कंपनीत तपासणीवाला असतो तशी वागू राहिलीस." वागले. गवतासाठी रोज दोन कोस चालले. बाराव्या दिवशी पाल्यावरच्या दोघी बोडक्या झाल्या. गवतवाल्या दोघींची लोकर ओढूनही निघेना. आत्याबाईंनी चौघींच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला.

मी ती मुठीतली लोकर घेऊन साहेबाकडं गेले. त्यानं पिशवीतून एक पुस्तिका काढली, पानं चाळली, आणि बिचारा ओशाळला. म्हणाला, "इथं लिहिलंय खरं. पाला तिसरा हिस्सा घालायचा, बाकी गवत. नुसता पाला घातला तर केस गळतात." मी म्हणाले, "साहेब, गवताच्या जागीच तर तुम्ही झाडं लावली." त्यानं पुस्तिका मिटली. माणूस वाईट नव्हता. त्याला एकर मोजायला सांगितले होते, गवत मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

पाला बंद केला तशी लोकर हळूहळू परत आली. पण आत्याबाईंचं काहीतरी हललं ते हललंच. करणीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आपणच काठीनं दाखवलेल्या रानानं आपलीच मेंढरं नागवी केली, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला दिसत होतं. कळप मग वीस-पंचवीसवर आणला.

काही वर्षं गेली. नवरा वाळूजच्या नव्या कंपनीत लागला, आणि मावशीचा मुलगाही तिथंच. दोघं एकाच बसनं जायचे. मग सरकारनं ठरवलं की गायरानात जे गरीब कैक वर्षं पेरत आलेत त्यांच्या नावावर ती जमीन करायची. फक्त पुरावा पाहिजे, जुना. मावशीकडं काय असणार? सातबाऱ्यावर नाव नाही, पाटील साक्ष देईना. मंडळ अधिकारी चावडीत चौकशीला येणार होता. तेवढ्या एका दिवसात कागद दाखवला तर रान तिचं, नाहीतर उरलेल्या एकरातही झाडं.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी आत्याबाईंना म्हणाले, "आपल्याकडं कागद हाय." त्या म्हणाल्या, "ठाव हाय मला." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी चावडीत अख्खं गाव. मावशी खांबाला टेकून उभी. आत्याबाई फडकं घेऊन आत शिरल्या, अधिकाऱ्यापुढं कागद ठेवला. त्यानं वाचला, शिक्का बघितला, तारीख बघितली. मग पाटील म्हणाले, "साहेब, रानात आपोआप उगवलेली चार ताटं असतील. मेंढरं वाट चुकून शिरली, तर बाईनं कोंडली. त्यावरून वहिती ठरते व्हय?" अधिकाऱ्यानं आत्याबाईंकडं बघितलं. "बाई, मेंढरं चुकून शिरली होती का?"

हो म्हटलं असतं तर त्यांची अब्रू राहत होती. चुकणं जनावराचं, माणसाचं नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "शिरली नाय साहेब. मी घातली. पाटलांनी सांगितलं घाल म्हणून, अन् मी घातली. पेरलेली ज्वारी होती, ओळीनं. दाणा भरला होता. उघड्या माळावर कोण मेंढरं घालतंय? पीक होतं म्हणून घातली."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. आत्याबाईंनी अंगठा दिला, फडकं झटकलं आणि मावशीकडं न बघता बाहेर पडल्या. त्या साली आणि पुढच्या साली गावातल्या एकाही शेतकऱ्यानं आम्हाला मेंढरं बसवायला बोलावलं नाही.

रान मावशीच्या नावावर झालं, पण एकच एकर. झाडं उभी असलेला तुकडा खात्याकडंच राहिला. त्याच काळात विद्यापीठाच्या नावाचाही निकाल लागला. जुनं नाव काढलं नाही, त्याला नवं जोडून दिलं. मावशी मला म्हणाली, "नावबी जोडूनच दिलं बघ, अन् रानबी अर्धंच." हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

तिसऱ्या उन्हाळ्यात ती आमच्या दारात आली. आमच्या उंबऱ्याशी ती कधीच आली नव्हती. आत्याबाई दावी वळत बसल्या होत्या. मावशी उभ्यानंच म्हणाली, "बाई, माझ्या रानात मेंढरं बसवा." मालकानं बोलवायचे जे शब्द, तेच. मग म्हणाली, "दोन एकर घालवलंस, एक आणून दिलंस. अर्धं तुझ्याकडं अजून हाय. ते मी सोडलेलं नाय. पण रानाला खत पाहिजे."

आत्याबाईंनी दावं खाली ठेवलं. "बसवते," म्हणाल्या. "ज्वारी घेणार नाय."

"नको घेऊ. भाकरी तर खाशील? दस्तूर हाय."

मी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत राहिले. ज्या वाड्याचं पाणी त्यांच्या आईनं, आजीनं कधी तोंडाला लावलं नव्हतं, तिथली भाकरी. त्यांनी मान हलवली, कुठल्या दिशेनं ते मला कळलंच नाही.

दिवस कलताना मेंढरं त्या एकरात बसली. बांधावर तीन दगड मांडून मावशीनं चूल पेटवली. जळणाला तारेपलीकडून पडलेल्या सुबाभळीच्या फांद्या होत्या. तिनं भाकरी थापली, भाजली आणि आत्याबाईंपुढं धरली. आत्याबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, चतकोर मोडला, खाल्ला, मग उरलेलीही खाल्ली. पाणी मागून घेतलं. मग चुलीकडं बघत म्हणाल्या, "ह्या लाकडाला आच नाय."

मावशी म्हणाली, "व्हय, नायच. ज्वारी बरी होती."

आत्याबाईंनी मान खाली घातली. "बरी होती," म्हणाल्या. "मी बघितली होती."